सात नंबरची किल्ली

परवा रात्री लाईट गेली आणि मोठ्या काकांनी ही गोष्ट सांगितली. मोठे काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. कागदाच्या गोदामात तीस वर्षं कारकून होते. ऐकायला मी, नणंद आणि धाकटा दीर. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं. त्या रात्रीपासून मला धड झोप नाही, म्हणून जशी ऐकली तशी उतरवून काढते आहे.

काका म्हणाले, "ऐकीव नाही. आमच्याच गोदामाच्या वॉचमनची आहे. माणूस अजून आहे, जाऊन विचारा."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. वॉचमन ड्यूटीला निघाला तसं बायकोनं त्याच्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलं.

"अहो, बीपीच्या गोळ्या संपून बारा दिवस झाले. वाटेत औषधांचं दुकान आहे, आजच्या आज घ्या."

"मला काय झालंय? दगडासारखा आहे मी."

"दगडाच्या हातून दुपारी कप कसा पडला मग?"

दुपारी चहा पिताना त्याच्या डाव्या हातातला कप सुटला होता. दहा मिनिटं शब्द जड झाले, एकाला दुसरा चिकटायला लागला. मग सगळं पहिल्यासारखं. तो म्हणाला, हात आखडला असेल. बायको मात्र गप्प बसली नव्हती. ती मोठ्या दवाखान्यात झाडलोट करायची. डॉक्टर नातेवाइकांना काय काय सांगतात ते तिनं पोछा मारता मारता शंभरदा ऐकलं होतं. ती म्हणाली, "आपोआप बरं झालं म्हणून सोडायचं नसतं. ती पुढच्याची वर्दी असते. आत्ता चला दवाखान्यात."

"उद्या सकाळी. सुट्टी मागितली तर साहेब फाडून खाईल."

"बरं, निदान गोळ्या तरी. विसरलात तर घरात पाऊल टाकू नका."

"मग झोपू कुठे?"

"गोदामातच झोपा. नाहीतरी रात्रीचा संसार तिथेच आहे तुमचा."

दोघं हसले. तो निघाला. दुकानात गर्दी होती. म्हणाला, सकाळी घेऊ. तंबाखूची पुडी मात्र शेजारच्या टपरीवर लगेच मिळाली.

नऊला दहा कमी असताना बायकोचा फोन आला. "आणल्या का?" तो म्हणाला, "आणल्या."

(इथं काका थांबले. म्हणाले, "हे ध्यानात ठेवा. नऊला दहा कमी. तेव्हा तो धड बोलत होता.")

आता गोदामाचं काम कसं चालायचं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वॉचमननं आत शिरलं की पुढचं लोखंडी दार आतून कुलूपबंद करायचं. गळ्यात गस्तीचं घड्याळ. कोपऱ्याकोपऱ्यात भिंतीला साखळीनं बांधलेली एकेक किल्ली, तिच्यावर नंबर. गस्त घालत जायचं, किल्ली घड्याळात घालून फिरवायची. आत गोल कागद असतो, त्यावर किल्लीचा नंबर त्या वेळेला उमटतो. घड्याळ उघडायची चावी फक्त कारकुनाकडे. वॉचमन झोपला की जागा होता, ते सकाळी कागद सांगतो.

किल्ल्या सहा. आधी सात होत्या. सातवी मागच्या दाराची, पण ती भिंतीला बांधलेली नव्हती. ती आणि मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली एकाच कडीत असायची, आणि ती कडी जुन्या वॉचमनच्या कमरेला. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण गस्त घालताना तो सतत शिट्टी वाजवायचा. अकरा वर्षांपूर्वी शिट्टी मागच्या दाराशी मेलेला सापडला. तोंड एका बाजूला ओघळलेलं. फरशीच्या धुळीत एक पाय घासत गेल्याची लांबच लांब रेघ. कडी कुठंच मिळाली नाही. मागचं दार तेव्हापासून बंद.

"त्याला कोणी पाहिलं नाही का वेळेत?" नणंदेनं विचारलं.

"पाहिलं होतं," काका म्हणाले. "संध्याकाळी कारकून घरी निघाला तेव्हा शिट्टीचं बोलणं जड येत होतं. चालताना झोकांड्या. कारकुनाला वाटलं, पिऊन आलाय. म्हणाला, पड जरा, सकाळी बघतो तुझ्याकडे. आणि गेला..."

कोण कारकून, ते आम्ही विचारलं नाही. काकाही पुढे गेले.

वॉचमननं एक नंबर फिरवला. दोन फिरवला. तीन फिरवला, तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. चार नंबर पार टोकाला. मध्ये कागदाची रिळं, माणसाहून उंच, दोन्ही बाजूंना भिंतीसारखी. तो त्या बोळात शिरला.

मागून आवाज आला.

ठक... घस्स. ठक... घस्स.

तो थांबला. आवाजही थांबला.

वॉचमनांचा एक नियम असतो. मागे पाऊल वाजलं की आपण थांबायचं. आवाज चालू राहिला तर उंदीर, पत्रा, काहीही असेल. आपल्याबरोबर तोही थांबला, तर माणूस आहे.

त्यानं टॉर्च मागे फिरवला. कोणी नाही.

चार पावलं टाकली. ठक... घस्स. ठक... घस्स. अगदी टाचेशी. थांबला. शांत.

पाय घासत चालणारा एकच माणूस या गोदामात होऊन गेला होता.

धीर यावा म्हणून त्यानं शिट्टी वाजवायला ओठ गोळा केले. शिट्टी निघाली नाही. नुसती हवा. फूऽऽ... ओठांच्या एका कोपऱ्यातून. त्याला वाटलं, आपण नाही, आपल्या कानाशी दुसरंच कोणीतरी फुंकतंय.

टॉर्च गळून पडला. डाव्या हातातून. गळ्यातल्या घड्याळाचा पट्टाही कधी निसटला, त्याला कळलं नाही. तो रिळांच्या खाचेत शिरला आणि श्वास धरून बसला.

दहा मिनिटं बसला.

काका म्हणाले, "सूनबाई, त्या दहा मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं. भुताला घाबरून बसला. आणि एकेक मिनिट हातातून चाललं होतं."

मग तो भिंतीला धरून उठला. समोर कारकुनाच्या खोलीची काच. आत लाल दिवा. काचेत एक माणूस उभा.

अर्धं तोंड गळालेलं. एक डोळा अर्धा मिटलेला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ.

शिट्टी.

त्याला ओरडायचं होतं. आवाज निघाला नाही. काचेतल्यानंही तोंड उघडलं. अर्धंच.

मग त्याचं लक्ष टोपीकडे गेलं. काचेतल्या माणसाच्या डोक्यावर त्याचीच टोपी होती. पुढची शिवण उसवलेली.

दवाखान्यात ऐकलेलं बायको घरी घोकायची, ते शब्द आठवले. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का बघा. एक वाक्य बोलायला सांगा.

तो हसला. काचेतला अर्धा हसला.

हात वर केले. एकच वर गेला.

पाय टाकला. ठक. दुसरा ओढला. घस्स...

मागे कोणी नव्हतं. तो स्वतःच होता.

तिथेच कोसळला. मोबाइल डाव्या खिशात, आणि डावा हात मेल्यासारखा. उजवा हात अंगावरून आडवा नेऊन कसाबसा काढला. बायकोला लावला. नऊ सव्वीस.

"हॅलो? अहो? बोला ना."

"अ... गो... गोऽऽ..."

"काय? आज वार कोणता? वार सांगा मला."

मंगळवार म्हणायचं होतं. जे निघालं ते माणसाचं बोलणं नव्हतं.

 ती म्हणाली, "कळलं मला. कुशीवर पडून राहा. पाणी पिऊ नका, काही खाऊ नका. उठू नका. मी अँब्युलन्स घेऊन येते."

"पाणीसुद्धा नाही?" मी न राहवून विचारलं.

"घोटही नाही," काका म्हणाले. " गिळता येत नाही नीट, श्वासात जातं. आणि चोळत बसायचं नाही, बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही. सरळ दवाखाना. पहिल्या साडेचार तासांत काही जणांना एक इंजेक्शन देता येतं, आणि जितकं लवकर तितकं डोकं वाचतं. डॉक्टर पहिलं विचारतात, शेवटचा धड कधी होता. म्हणून घड्याळ बघायचं."

दहा वाजायला वीस मिनिटं असताना अँब्युलन्स दाराशी आली. दार आतून बंद. ड्रायव्हरनं लाथा मारल्या. लोखंड ते. तो म्हणाला, "ताई, कटर मागवावा लागेल. अर्धा तास तरी."

आत तिचा नवरा. बाहेर ती. मध्ये ते दार. तिनं पत्र्याला तोंड लावून हाका मारल्या. आतून उत्तर नाही. नुसतं... फूऽऽ.

ती भिंतीच्या कडेनं मागे धावली. काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

मागचं दार उघडं होतं.

सताड. कुलूप कोयंड्यात लटकत होतं. तोडलेलं नाही. किल्लीनं उघडलेलं.

दहा वाजून अकरा मिनिटांनी तो दवाखान्यात होता. बायकोनं दारातच सांगितलं, "नऊला दहा कमी असताना माझ्याशी नीट बोलले. दुपारी कप पडला, मग नीट झाले. बीपी आहे. बारा दिवस गोळ्या नाहीत." डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. आधी डोक्याचा फोटो काढला, मग इंजेक्शन.

"वाचला?" दीर म्हणाला.

"वाचला. डावा पाय जरा ओढतो. बोलतो मात्र माझ्यापेक्षा जास्त. तंबाखू सुटली, जेवणात वरून मीठ बंद. गोळी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवतो, विसरायला नको म्हणून. बायको म्हणते, खोटं बोललात त्याची शिक्षा, आता रोज माझ्या डोळ्यांसमोर गिळायची."

नणंद हसली. मीही. मग दीर म्हणाला, "पण मागचं दार त्यानंच उघडलं असणार ना? सरपटत जाऊन?"

"तो पडला तिथून मागचं दार साठ पावलं. जागेवरून वीतभरही हलला नव्हता. आणि किल्ली कुठून आणणार?"

 मी बाळाच्या छातीवर हात ठेवला.

काका उठले. अंधारातच कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात पत्र्याची चपटी डबी होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ रिळाखाली सापडलं. मी चावी लावून उघडलं. चावी माझ्याकडेच असायची. तेव्हाही... आणि अकरा वर्षांपूर्वीही."

नणंदेनं मोबाइलचा उजेड धरला. गोल कागद, कडा पिवळ्या. एक. दोन. तीन, नऊ अकरा. तिन्ही ठसे खोल, सरळ.

चार नव्हता.

नऊ एकेचाळीसला सात होता. त्याची उजवी बाजू कागदात खोल रुतलेली. डावी उमटलीच नव्हती.