थुंकलेला केक

"थू! थू! मीठ! नुसतं मीठ!"

सीतारामकाकांनी तोंडातला घास चर्चच्या अंगणातच थुंकला. काका म्हणजे तळेगावच्या त्या लहानशा चर्चच्या कमिटीचे प्रमुख. ते थुंकले म्हणून बाकीचेही थुंकले. काहींनी तर केक न चाखताच तोंडं वेडीवाकडी केली!

ज्योत्स्नामावशी हातात सुरी घेऊन तशीच उभी राहिली. चोवीस डिसेंबरची दुपार होती. संध्याकाळी घरोघरी नाताळची गाणी, कॅरल म्हणत फिरायचं आणि त्याआधी मावशीचा केक कापायचा, ही वीस वर्षांची पद्धत.

"मी कधीची सांगतेय, हिला आता नीट दिसत नाही," राजेश्वरीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "बालवाडीतल्या लेकरांना काय खायला घालत असेल, देव जाणे!"

"बालवाडीच्या खाऊचं काम एक तारखेपासून दुसऱ्या कुणाला तरी देऊ," काकांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

त्या कामावरच मावशीचं घर चालत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकानेही तोंड उघडलं नाही. थुंकायला मात्र उघडलं होतं.

यशोधराचं डोकं तापलं. ती मावशीची भाची, लोणावळ्याहून सुट्टीला आलेली. तिने मैत्रीण महेक आणि शेजारच्या वराळे गावच्या सत्यमला भिंतीआड ओढलं.

"केकचं मिश्रण काल मी कालवलंय! पातेलंही मीच चाटून साफ केलंय! चांगलं गोड होतं!"

"मग मीठ काय उडत आलं व्हय?" सत्यम म्हणाला.

"घरी नाही, तर भट्टीवर काहीतरी झालंय," महेक हळूच म्हणाली. हे बोलणं तिच्या जिवावर आलं होतं, कारण भट्टी तिच्याच घरची. तिचे आजोबा इनायत यांच्या बेकरीत नाताळच्या आधीचे दोन दिवस पाव-खारी उरकली की भट्टी गावासाठी मोकळी असायची. मिश्रण घरी कालवायचं, बेकरीच्या साच्यात ओतायचं, साच्याला नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि संध्याकाळी भाजलेला केक घेऊन जायचं!

तिघांनी बेकरीकडे धूम ठोकली. महेकचे अरबाजचाचा भट्टीपुढे हात शेकत बसले होते.

"चाचा, खरं सांगा! मावशीच्या साच्याचं काय झालं?"

"काही नाही गं! फक्त दोन चिठ्ठ्या जळाल्या. एक त्यांची, एक राजेश्वरीबाईंची. साचे सारखेच. मग दिले अंदाजाने."

"अंदाजाने!" तिघेही ओरडले.

"अरे, केक तो केकच ना!" चाचा म्हणाले.

"म्हणजे मावशीचा केक राजेश्वरीबाईंकडे!" यशोधरा म्हणाली. "ओळखता येईल! मावशी त्यात चिक्कीचा चुरा घालते. परवा पहाटेच्या गाडीने मीच आणली लोणावळ्याहून. थंडीने बोटं वाकडी झाली होती, पण पुडा सोडला नाही!"

"त्या म्हणतील, मीपण चिक्की घालते," सत्यमने मान हलवली. "त्यांच्याच तोंडून आलं पायजे. थांबा! कॅरलचा बिनवायरचा माइक आज माझ्याकडं हाय!"

दिवेलागणीला कॅरलवाले स्पीकर लावलेला टेम्पो घेऊन राजेश्वरीबाईंच्या अंगणात पोचले. गाणं संपलं आणि बाई केक आणायला आत गेल्या. मदतीच्या नावाखाली तिघेही मागोमाग शिरले. सत्यमचा हात पाठीमागे होता आणि हातात माइक!

यशोधराने ताटातला एक तुकडा तोंडात टाकला. कुडुम!

"चिक्की! आजी, हा माझ्या मावशीचा केक आहे. तुमचा खारट तिच्याकडे गेला!"

बाईंनी झटकन दार लोटलं. "हळू बोल! दुपारी चर्चला येण्याआधी घरी कापला तेव्हाच कळलं मला, हा माझा नव्हे. आणि सगळे थुंकायला लागले तेव्हा माझा कुठे गेला तेही कळलं. साखरेऐवजी मिठाचा डबा हाताला लागला असेल. मग काय, चारचौघांत हसं करून घेऊ? तिचं काय बिघडतंय! एकटी बाई, तिला ऐकून घ्यायची सवय आहे!"

"आजी, अजून काही सांगायचंय?" सत्यमने माइक पुढे धरला. "टेम्पोवरच्या स्पीकरवर सगळं झकास ऐकू जातंय!"

बाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

बाहेर एकच गलका उडाला. "शाबास रे पोरांनो! तुमच्यामुळे खरं उजेडात आलं!" सीतारामकाकांनी तिघांची पाठ थोपटली. "ज्योत्स्नाबाई, बालवाडीचं काम तुमचंच. झालं गेलं विसरा!"

"मला दुपारीच संशय आला होता," दुपारी सगळ्यात लांब थुंकलेला एक गृहस्थ म्हणाला. माफी मात्र कुणाच्याच तोंडातून निघाली नाही.

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. महेक आणि सत्यमही आले होते. शेवटच्या बाकावर राजेश्वरीबाई एकट्याच. शेजारी कुणी बसेना. कालचीच तोंडं आज त्यांच्याकडे बघून कुजबुजत होती, फिदीफिदी हसत होती. यशोधराला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगा!

मावशी आली. काकांनी तिच्यासाठी पुढची खुर्ची राखली होती. मावशीने तिकडे पाहिलंही नाही. ती सरळ जाऊन राजेश्वरीबाईंच्या बाकावर बसली.

यशोधरा धावतच तिच्याजवळ गेली. "मावशी! माफ केलंस तिला?"

"छे! एवढ्यात कुठलं?" मावशीने शाल घट्ट ओढून घेतली. "पण काल दुपारी तो प्रकार झाल्यावर मी याच बाकावर एकटी बसले होते. लय गार लागतं गं."