ट्रॅक्टर दादाला घेत नव्हता

ही गोष्ट रात्रीची नाही.

हे आधीच सांगते, कारण असलं काही म्हटलं की लोक अमावास्या, बाराचे ठोके, रडणारी कुत्री वगैरे धरूनच चालतात. तसलं काही नव्हतं. बुधवार होता. लख्ख ऊन. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते आणि मी दादाच्या स्वयंपाकघरात वहिनीसोबत मटार सोलत होते.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. परीक्षानळीत दिसेल तेच खरं मानणारी बाई. यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. उलट बरंच काही गाळलंय.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्याने आणि वहिनीने शहराबाहेर दोन एकर जमीन घेतली आणि तिच्यावर दोन खोल्या बांधल्या. घरामागे उतार आणि उताराखाली ओढा. पहिलं वर्ष कुदळ-फावड्यावर निभावलं. दुसऱ्या वर्षी दादाची कंबर धरली.

मग आला मिनी ट्रॅक्टर.

कोरा करकरीत. दादा सकाळ-संध्याकाळ फडक्याने बॉनेट पुसायचा.

"लग्नात माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

"नव्याचे नऊ दिवस," मी म्हटलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले होते.

"बस इथे, मास्तरीण," दादा म्हणाला. "तुला एक गंमत दाखवतो."

सीटखाली एक स्विच होता. सीटवर कोणी बसलेलं असेल तरच इंजिन चालू राहायचं. माणूस उठला की दोन सेकंदांत बंद. दादा त्या स्विचवर जाम खूश होता.

"लिफ्टचं दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, तसंच हे. माणूस चुकतो. स्विच चुकत नाही."

हे रविवारी.

बुधवारी जेवण झाल्यावर तो उताराकडचं गवत काढायला गेला. आदल्या रात्री सर येऊन गेली होती. "आज नका जाऊ तिकडे, माती ओली आहे," असं वहिनी दोनदा म्हणाली. पण नवा ट्रॅक्टर दारात उभा असताना दादा कुणाचं ऐकतोय?

इंजिनचा आवाज घरात ऐकू येत होता. एकसारखा.

मग तो आवाज एकदम चढला...

मग धप्प.

मग काहीच नाही.

वहिनीचा हात मटारच्या शेंगेवर थांबला. "बघून येतेस का गं जरा?"

"येईल की," मी म्हटलं. "चहाच्या वेळेला बरोबर हजर असतो तो."

मी उठले नाही. शंभर पावलांवर तर होतं सगळं. पण वहिनी तिच्या भावजयीची काहीतरी गंमत सांगत होती आणि मला ती पुरती ऐकायची होती.

तीन पस्तीसला मी मान वर केली, तर दादा दारात उभा.

दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. शर्ट छातीपासून पोटापर्यंत चिखलाने भरलेला.

"अहो, हे काय?" वहिनी उठलीच.

"थोडक्यात वाचलो. चाक घसरलं, पण कडेलाच थांबला." त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "आता सुरू होत नाहीये. चहा टाकतेस का?"

त्याने चहा घेतला. दोन बिस्किटं खाल्ली. माझी मटार सोलायची गती बघून चिडवलंही. मी हसले. मला किती हायसं वाटलं होतं, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उतारावर गेलो. ट्रॅक्टर वरच्या कडेला, चार चाकांवर सरळ उभा होता. दादा सीटवर बसला. किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. नाही.

"तू बस बघू."

मी बसले. त्याने बाजूने हात घालून किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू.

"सरक." मी उतरले, तो चढून बसला.

एक... दोन...

इंजिन बंद.

आम्ही हे सहा वेळा केलं. माझ्याखाली चालू, त्याच्याखाली बंद. दादा वैतागला. मी म्हटलं, "तू बारीक झालायस." तो हसला नाही.

शुक्रवारी मेकॅनिक आला. भला माणूस, तोंडाने सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याने स्विच काढला, तपासला, आपल्याजवळचा नवा बसवला. स्वतः बसला. इंजिन चालू. मला बसवलं. चालू.

दादा बसला...

बंद.

मेकॅनिकचं गुणगुणणं थांबलं.

"काका, नीट टेकून बसा."

"टेकूनच बसलोय."

मेकॅनिकने वाकून सीटच्या खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मीही वाकले. सीटच्या स्प्रिंगा दिसत होत्या. माझा दादा ब्याऐंशी किलोचा. तो वर बसलेला होता.

स्प्रिंगा दबल्याच नव्हत्या.

"ताईंना घेतोय, मला घेतोय. यांना घेत नाहीये," मेकॅनिक हळूच म्हणाला. मग त्याचं लक्ष सीटमागच्या उंच लोखंडी कमानीकडे गेलं. तिच्या पार वरच्या टोकाला वाळलेला चिखल होता, गवताच्या काड्यांसकट. त्याने तो नखाने खरवडला.

"हा उलटला होता का?"

"नाही हो," दादा म्हणाला. "कडेलाच थांबला."

जाताना मी मेकॅनिकला फाटकापाशी गाठलं. उलटला असता तर एकट्या माणसाला सरळ करता आला असता का, असं विचारलं.

"चार माणसं लागतील ताई. तीही दमाची." तो पैसे न घेताच गेला. घाईत होता म्हणे.

त्या संध्याकाळी वहिनी ओटा पुसता पुसता म्हणाली, "एक बरं झालंय बघ. तुझा दादा हल्ली शहाणा झालाय. दोन दिवसांत घरात चिखलाचा एक ठिपका आणला नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी चपला घालून बाहेर गेले. सकाळी दादा आणि मी नुकत्याच भुसभुशीत केलेल्या वाफ्यातून चालत गेलो होतो, बरोबरीने, गप्पा मारत. माझी पावलं घोट्यापर्यंत रुतलेली दिसत होती. जाताना आणि येताना.

शेजारी माती जशीच्या तशी होती.

तिथून मी परत फिरायला हवं होतं. नाही फिरले. उतारावर गेले. ट्रॅक्टर उभा होता तिथून खाली कमरेएवढं गवत आहे, त्यामुळे वरून काही दिसत नाही. मी गवत बाजूला सारत दहाएक पावलं उतरले, आणि मग गवत आडवं झालेलं लागलं.

तिथे चिखल वाळला होता. त्यात बॉनेटचा खड्डा होता. कमानीने खणलेला चर होता. स्टिअरिंगचा गोल अगदी स्वच्छ उमटला होता.

आणि त्या गोलाखाली...

माणूस.

म्हणजे माणसाचा ठसा. पालथा. छाती, पोट, एका बाजूला वळलेला गाल. खोल, फार खोल. एक हात डोक्याच्या वर ताणलेला. त्या हाताच्या बोटांनी माती ओरबाडली होती. एकदा नाही. पुन्हा पुन्हा. घराच्या दिशेने.

सव्वातीन ते तीन पस्तीस. वीस मिनिटं. तेवढा वेळ आम्ही मटार सोलत होतो.

मला ओरडायचं होतं.

"काय बघतेस गं?"

दादा. माझ्या पाठीमागे. एवढं वाळलेलं गवत, पण एक काडी मोडल्याचा आवाज आला नव्हता.

मी काय केलं असेल? मी त्या ठशावर उभी राहिले. दोन्ही पाय रोवून. बरोबर गालाच्या जागी.

"काही नाही. चप्पल अडकली."

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली होती, एखादं नाव जिभेवर असून आठवत नाही तेव्हा पडते तशी.

"दादा," मी म्हटलं, "चल ना. चहा करते तुला. आलं घालून."

आठी गेली. "चल. आणि इकडे एकटी येत जाऊ नकोस. हा उतार वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपलेला असताना मी फावडं घेऊन गेले आणि सगळं सारखं केलं. बोटांच्या खुणा मात्र हातानेच बुजवल्या. फावडं लावायचं मन झालं नाही.

याला सात महिने झाले. ट्रॅक्टर आता वहिनी चालवते, आणि छान चालवते. दादा बांधावर उभा राहून उंटावरून शेळ्या हाकतो. डावीकडे घे, क्लच सोड. जेवतो, घोरतो, माझ्यावर विनोद करतो. मागच्या महिन्यात वहिनीला ताप आला, तर रात्रभर तिच्या उशाशी बसून होता. वहिनीने मला कधी काही विचारलं नाही. पण पूर्वी ती रोज गादी झटकायची, चादर ताणायची. हल्ली दादाच्या बाजूची चादर ती ताणत नाही. गरज पडत नसावी. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

कोणी म्हणेल, शांती करा. कोणी म्हणेल, डॉक्टरला दाखवा. मला काहीही करायचं नाही. कुठे काही हललं आणि ती आठी परत पडली तर? त्याला नेमकं आठवलं तर?

तो मोबाईलवर असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहायचं धाडस केलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

तुमच्यापैकी कोणी आम्हाला ओळखलं असेल, तर एवढंच करा. रस्त्यात भेटला तर नेहमीसारखं बोला त्याच्याशी. उताराचा विषय तेवढा काढू नका.

त्याला अजून कळलेलं नाही.