जानेवारीचा शेरा

नारिन शहरातल्या आमच्या पाण्याच्या कचेरीत माझं काम साधं आहे. डोंगरावरच्या तळ्याची पातळी दर तासाला येते, सोबत चौकीदाराने टाइप केलेला शेरा येतो, आणि एक स्क्रिप्ट दोन्ही लॉग फाइलमध्ये लिहिते. पहाटेची नमाज आटोपून मी येते आणि आधी ती फाइल उघडते.

गेल्या हिवाळ्यापर्यंत ही स्क्रिप्ट फक्त इंग्रजी अक्षरं ओळखायची. आकडे नीट उतरत. किरगिझ शेऱ्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी मात्र प्रश्नचिन्ह. साहेबांना आकड्यांशी मतलब, म्हणून कुणी बोललं नाही. वसंतात मी तिला युनिकोडमध्ये लिहायला लावलं आणि नवे शेरे स्वच्छ दिसू लागले. जुने गेले ते गेले. प्रश्नचिन्हामागे काही दडलेलं नसतं. अक्षर टाकून देऊनच ते लिहिलेलं असतं.

बुरुल्चा एजेंना, म्हणजे ताईंना, हेच पटत नव्हतं. त्यांचे पती ओमुरबेक जानेवारीत वरच्या चौकीत एकटेच असताना हृदय बंद पडून गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी शेवटचा शेरा लिहिला होता. मी तो एजेंना कागदावर छापून दिला होता. त्या तो पदराआडून काढावा तसा शालीतून काढायच्या.

"मदत मागितली असेल ग त्याने. आणि इथे सगळे आकडे बघत बसले."

"तसं नसेल, एजे."

"मग काय लिहिलंय? पहिला शब्द बघ, माझ्या नावाएवढाच आहे."

"आपल्या लिपीत माझंही नाव तेवढंच आहे."

"तुला कशाला हाक मारेल तो? 'कनिशाय मुंगीच्या आवाजात बोलते,' म्हणायचा."

गुरुवारी एजे विजेची शेगडी, कढई, तेल आणि मळलेलं पीठ घेऊन थेट कचेरीतच आल्या. गेलेल्या माणसाला तळणीचा वास पोचतो, म्हणून आम्ही बोरसोक तळतो आणि दुआ करतो.

"घरी तळून झालं," त्या म्हणाल्या. "त्याचं शेवटचं बोलणं इथे आहे, तर वास इथेच दरवळू दे."

शेजारच्या टेबलावरचा मेलिस हसला. "कॉम्प्युटर तळू नका म्हणजे झालं, एजे."

"तुला एकही मिळणार नाही, जा!"

तो हसतच बाहेर जेवायला गेला.

पहिला घाणा तेलात पडला. खोलीभर खमंग वास सुटला. गुरुवारी माझा रोजा असतो; मी ओठांतल्या ओठांत कुराणातली यासीन सूरा म्हणत होते. एजेंच्या हट्टाखातर जानेवारीची फाइल समोर उघडून ठेवली होती. सहज नजर गेली. पहिल्या प्रश्नचिन्हाच्या जागी 'ब' होता.

मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. आता 'बुरुल्चा' होतं.

"एजे," मी म्हटलं. आवाज नेहमीहूनही लहान आला.

दुसरा घाणा पडला. दुसरा शब्द उमटला. मग तिसरा.

'बुरुल्चा, मीठ विसरलीस.'

एजेंनी ओळ वाचली आणि त्या ताटाशी बसल्या. ताटातले बोरसोक अजून कुणी चाखलेही नव्हते. त्यांनी एक उचलला, सावकाश चावला, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

"अळणीच आहेत ग. मेला तरी नावं ठेवायची खोड गेली नाही याची!"

मग हळूच म्हणाल्या, "मदत नव्हती मागितली."

मी छापलेला कागद पडद्याशेजारी धरला. चिन्हाला अक्षर, जागेला जागा जुळत होती. फाइल शेवटची बदलल्याची तारीखही जानेवारीचीच होती.

कागदावर ती ओळ शेवटची होती. पडद्यावर तिच्याखाली आणखी एक होती.

नुसती प्रश्नचिन्हं. पहिला शब्द तेवढाच लांब, एजेंच्या नावाएवढा. आणि माझ्याही.

"अजून बोलतोय!" एजे डोळे पुसत उठल्या. "थांब, उरलेल्या पिठात मीठ घालते. एक घाणा टाकला की वाचता येईल."

"नको, एजे."

मी शेगडी बंद केली.

पण तेल लगेच थोडंच निवतं? ते चरचरत होतं, आणि नव्या ओळीतलं पहिलं अक्षर उमटलं.

ते 'ब' नव्हतं.