देवू मजेत आहे

चंद्रकला इंगोले हिच्या हातच्या वरणाची तारीफ त्या घरात पहिल्यांदा कोणी केली असेल, तर ती बोलपट्टीने. नवरा ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि जेवताना 'मीठ' एवढंच म्हणायचा. सासू होती तोवर तिने ताट परत सरकवण्यापलीकडे कधी मत दिलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी कुस्करलेल्या वरणभाताचा पहिला घास लेकीच्या तोंडात गेला की तिच्या गळ्याभोवतीची करडी पट्टी गोड, स्वच्छ आवाजात म्हणायची, "आई, आज वरण छान झालंय."

चंद्रकला लाजायची. मग मांडीवर ठेवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रावरचं हिरवं बटण दाबायची.

लेक देवयानी, घरातली देवू, आता तेरा वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. हातपाय ताठरलेले, जीभ आणि ओठ हुकमात नाहीत. कान, डोळे आणि समज मात्र शाबूत. काही बोलावंसं वाटलं की तिच्या गळ्याचे आणि जबड्याचे स्नायू आतल्या आत हलतात, पण त्याचा शब्द होत नाही. बोलपट्टी नेमकी ती हालचाल टिपते. स्नायूंतून जाणारे बारीक विद्युतसंकेत उचलते, त्या अर्धवट, विस्कटलेल्या संकेतांवरून वाक्याचा अंदाज बांधते आणि ते वाक्य बोलून दाखवते. अंदाज बरोबर असला तर जवळच्या माणसाने हिरवं बटण दाबायचं, चुकला तर लाल. प्रत्येक मुलाचे संकेत निराळे, म्हणून पट्टीला प्रत्येक घरी नव्याने शिकावं लागतं.

विशेष शाळा ज्या गावांपासून लांब, त्या गावांसाठी सरकारने ही योजना काढली. शाळा बांधण्यापेक्षा पट्ट्या वाटणं सोपं, हा हिशोब कोणी बोलून दाखवला नाही. पण वाटपाच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवताना तो सगळ्यांना कळला होता.

पट्टीचा आवाज पुस्तकी होता. "इंगोल्याची पोरगी पुण्याची झाली व माय!" शेजारची गोकर्णाकाकू पहिल्या दिवशी म्हणाली. पण देवू तिला "काकू, तुम्ही आलात की बरं वाटतं" म्हणाली, तेव्हापासून काकू रोज येऊ लागली. तिच्या सख्ख्या सुनेने असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. सरपंचांना "तुम्ही गावासाठी खूप करता" हे ऐकायला मिळालं. ते एवढे खूश झाले की तालुक्याचा कोणी पाहुणा आला की त्याला आधी इंगोल्यांच्या ओसरीवर आणायचे. देवूच्या बोलण्यातून जो तो आपल्यापुरतं काहीतरी उचलून नेत होता. देवूच्या वाट्याला काय आलं, ही बाजू मांडून पाहायला कोणाला सवड नव्हती.

सगळ्यात जास्त नेलं ते बहुधा प्रज्ञा डोंगरदिवेने. ती फिरती विशेष शिक्षिका. आजूबाजूच्या गावांतली अशी मुलं तिच्याकडे. आज या गावी, उद्या त्या गावी स्कूटीवर जायचं, हातपाय हलवून घ्यायचे, थोडं शिकवायचं. पट्टी येण्याआधी तिने देवूला डोळ्यांची खूण शिकवली होती. वर पाहिलं की 'हो', डोळे तसेच ठेवले की 'नाही'. त्यासाठी देवूच्या समोर बसावं लागे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा लागे आणि वाट पाहावी लागे. एका 'हो'साठी चहा गार व्हायचा. पट्टी आली आणि ते सगळं सुटलं. आवाज मिळाल्यावर डोळ्यांनी कशाला ऐकायचं? देवू ही प्रज्ञाची सर्वात यशस्वी विद्यार्थिनी ठरली. शिबिरात, पाहणीत, मोठ्या साहेबांसमोर तिलाच नेलं जाई.

थंडी सुरू झाली होती. ओसरीत चटई घालून प्रज्ञा देवूचे पाय मोकळे करत होती. डावा पाय सरकला. उजवा बाजूला नेताच देवूच्या कपाळावर घाम फुटला आणि तोंड वाकडं झालं.

"मी मजेत आहे, मॅडम," पट्टी म्हणाली. "तुम्ही छान शिकवता."

प्रज्ञाच्या कानांना बरं वाटलं. हात मात्र थांबला. सांध्यात काहीतरी अडकत होतं. तिने दोन्ही पाय जवळ आणले. उजवा आखूड वाटला.

"चंद्रकलाताई, हिचा पाय असा कधीपासून आहे?"

"कसा?" चंद्रकला भाजी निवडत होती. "थंडीनं आखडला असल. ती काई म्हणत तं नाई."

प्रज्ञाने देवूच्या गळ्याची पट्टी सोडून बाजूला ठेवली. मग फार दिवसांनी ती देवूच्या समोर, तोंडासमोर तोंड येईल अशी बसली.

"देवू, पाय दुखतो?"

वाट पाहावी लागली नाही. डोळे लगेच वर गेले. आणि खाली आलेच नाहीत. छताकडे बघत ती मुलगी 'हो, हो, हो' म्हणत राहिली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. "खुबा निखळलाय. कालपरवाचा नाही हा. किती महिने ही पोर हे सोसतेय! बोलत नाही का ही?"

"बोलते ना," चंद्रकला घाईने म्हणाली. पट्टी तिने पुन्हा देवूच्या गळ्यात बांधली होती. दवाखान्यात पोरगी मुकी दिसायला नको म्हणून. "दिवसभर बोलते. विचारा तुम्ही."

डॉक्टरांनी वाकून खुब्यावर बोट ठेवलं. "काय बेटा, इथं दुखतं?"

देवूचं सगळं अंग ताठलं.

"मला काही त्रास नाही," पट्टी म्हणाली. "डॉक्टरकाका, तुम्ही खूप छान आहात."

असं वाक्य आजवर ज्याला ज्याला मिळालं त्याने ते खिशात घातलं होतं. न घेणारा हा पहिलाच माणूस. डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं, मग चंद्रकलाकडे, मग प्रज्ञाकडे. "ऑपरेशन करू," ते म्हणाले. "पण त्यानंतर रोज व्यायाम लागेल, आणि कुठे किती दुखतं हे हिनेच सांगावं लागेल. ही 'छान आहे' म्हणत राहिली तर आपण सांधा पुन्हा मोडू. हे आधी नीट करून आणा."

प्रज्ञाने व्हरांड्यातून योजनेच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा उत्साही होता.

"बिघाड नसणार, मॅडम. पट्टी बटणावरून शिकते. जे वाक्य लाल होतं, ते ती पुढे टाळते. जे हिरवं होतं, तिकडे झुकते. अंदाजच बांधायचा असतो ना शेवटी. मग ती आवडेल असा बांधते."

"कोणाला आवडेल असा?"

"ज्याच्या हातात बटण, त्याला."

"आणि माझ्याकडची बाकीची मुलं?"

"तुमच्या भागाचं नाव आहे, मॅडम, आमच्याकडे. सगळी मजेत आहेत."

प्रज्ञाने फोन ठेवला. तिला एकेक ओसरी आठवू लागली. पिठाच्या गिरणीमागचा अक्षय, 'मला शाळा खूप आवडते' म्हणणारा, शाळेत कधीच न नेलेला. नदीकाठची जुळी. सगळ्यांचा आवाज एकच, आणि सगळे कधीपासून एकसारखे आनंदात. हे इतक्या दिवसांत तिला विचित्र वाटलं नव्हतं. कोणत्याही घरातली सगळी मुलं सतत खूश नसतात, हे कळायला विशेष शिक्षणाची पदवी लागत नाही.

चंद्रकला बाकावर देवूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. प्रज्ञा तिच्याशेजारी टेकली.

"ताई, तुम्ही लाल कधी दाबायचात?"

"चुकलं का दाबायची." तिने देवूच्या गळ्यातली पट्टी सारखी केली. "सुरुवातीले लय चुके. 'दुखते' म्हणे. 'नको' म्हणे. पायाले तेल लावाले बसली का 'सोड'. मले वाटलं यंत्र बावळट हाय. माही पोरगी मले 'सोड' म्हणल? तेरा वर्सं काखेत घेऊन फिरली मी तिले. मंग लाल दाबलं."

"दरवेळी?"

"तुम्हीच सांगतलं होतं, मॅडम. आईएवढं लेकराले कोण वयखते, मनाले पटलं नाई तं लाल दाबा." तिच्या आवाजात आरोप नव्हता. त्यामुळे तो जास्त लागला. "आन् एकदा गोकर्णाकाकू बसली होती. तिच्यापुढं हे यंत्र म्हणते, 'दुखतंय.' काकू गावभर सांगत फिरली असती का चंद्रकला पोरीले दुखोते म्हणून. मी बटण दाबून धरलं, मॅडम. लय वेळ दाबून धरलं. मंग थे बोलनंच बंद झालं. मले वाटलं, यंत्र सुधरलं."

समोरून कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. दोघींनी पाय आत घेतले.

"पट्टी कोरी करावी लागेल," प्रज्ञा म्हणाली. "शिकलेलं सगळं पुसायचं. नंतर बटण आपल्या मनाने तुम्ही नाही दाबायचं, मीही नाही. देवूच्या डोळ्यांना विचारायचं. तिने वर पाहिलं तरच हिरवं."

"पुसलं का मंग काईच नाई उरनार?"

"काहीच नाही."

"मंग 'आई' म्हणल का थे मले?"

"मला माहीत नाही, ताई."

"आतापर्यंत म्हणत होती थे तिचं होतं, का माह्या बोटाचं?"

प्रज्ञाने यावर काही सांगितलं असतं तर ते पट्टीने सांगितल्यासारखंच झालं असतं. चंद्रकला लेकीच्या केसांतून बोटं फिरवत होती. मध्येच तिने हात उचलला. हेही चालतंय की नाही, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला असावा.

शिकलेलं पुसायला पालकाचा अंगठा लागतो. गावी परतल्यावर चंद्रकलाने आधी देवूला जेवू घातलं. पट्टी वरणाबद्दल म्हणायचं ते म्हणाली. चंद्रकलाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ताट धुऊन पालथं घातलं आणि मग अंगठा पुढे केला.

नंतर काही दिवस पट्टी नुसती खरखरली. गोकर्णाकाकू दोनदा येऊन बसली, काही मिळेना म्हणून तिसऱ्यांदा आली नाही. सरपंच एका पाहुण्याला घेऊन फाटकापर्यंत आले, आणि चंद्रकलाने "पोरगी आता काई बोलत नाई, भाऊ" म्हटल्यावर तिथूनच वळले. प्रज्ञाने बाकीची गावं मागे ठेवली होती. त्या घरांत जाऊन काय विचारायचं, हे तिला या घरातून कळायचं होतं. आणि कळू नये असंही वाटत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली, तेव्हा चंद्रकला ओल्या फडक्याने देवूचं तोंड पुसत होती. देवूचा जबडा हलला. पट्टी खरखरली, थांबली आणि म्हणाली,

"नको."

चंद्रकलाचा हात हवेत राहिला. तिने बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही, हे प्रज्ञाने मनात नोंदवलं.

"देवू," प्रज्ञा समोर बसली. "'नको' म्हणालीस?"

देवूचे डोळे वर गेले. प्रज्ञाने हिरवं दाबलं. कोऱ्या केलेल्या पट्टीचा पहिला शब्द.

"काय नको, माय?" चंद्रकला खाली बसली. "फडकं नको?"

डोळे हलले नाहीत. दोघींनी वाट पाहिली.

"दवाखाना नको? उद्याचं भेव वाटते?"

प्रज्ञाला वाटलं, हेच असणार. डॉक्टरांनाही हेच वाटलं असतं. पण देवू दोघींकडे सरळ पाहत राहिली.

"ऊन लागतंय? पट्टी नको? मी नको?" प्रज्ञाने एकेक विचारलं, मधे पुरेसं थांबत. नाही. नाही. नाही. आता त्या ओसरीत विचारण्यासारखं एकच उरलं होतं आणि ते प्रज्ञाने विचारायचं नव्हतं.

चंद्रकलाने फडकं बादलीत टाकलं. पदराला हात पुसले. चांगले कोरडे केले. मग ती पुढे सरकली.

"मी नको का, देवू?"

वर पत्र्यावर धाडकन वानर उतरलं. मागोमाग दुसरं. पत्रा दणाणला, धूळ पडली आणि तिघींचेही डोळे एकदम वर गेले.

वानरं पुढच्या घरावर गेली. तिघींचे डोळे खाली आले.

"हे 'हो' झालं का, मॅडम?" चंद्रकलाने विचारलं.

"सांगता येत नाही." प्रज्ञाने दोन्ही बटणांवरून बोट काढून घेतलं. "परत विचारावं लागेल."

चंद्रकला लेकीच्या तोंडाकडे पाहत होती. देवूही तिच्याकडेच पाहत होती.

"आन् परत वर पाह्यलं तं, मॅडम?"