दोन टोकांची काच

रूबेन रोहेकरांची कवटी त्यांच्याच सूक्ष्मदर्शकाने फोडली होती. रोह्यातल्या त्या लहानशा लॅबच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं. गोविंदा पेणला गणपती रंगवणारा. पण हा लाल रंग पाहून त्याने तोंडावर हात दाबला.

"ओकायचं तर बाहेर," हन्नाबाई पेणकर म्हणाल्या. त्या खासगी तपास करत, तो त्यांची स्कूटर चालवी.

बाहेर जमावाने गुणाजीला खुनी समजून रक्तबंबाळ केलं होतं. त्याचा भाऊ काळुराम धाटावच्या एका कंपनीत बेंझिनच्या टाक्या धुवायचा. आता तो रक्ताच्या कॅन्सरने मुंबईच्या इस्पितळात होता. रूबेनच्या रिपोर्टवरून चार वाजता त्याला औषध चढणार होतं.

"सकाळी भांडलास ना?" हन्नाबाईंनी त्याला विचारलं.

"व्हय. रिपोर्ट लवकर द्या म्हनून वरडलो. मारला नाय, बाय. काचेतलं मला काय कळतंय?"

रूबेनची भाची शीरा लॅबमध्ये त्यांच्या हाताखाली होती. मामाने तिला दहा वाजता कामासाठी कासू गावाला पाठवलं होतं. टेबलावर दोन टोकांना रक्ताचे थेंब लावलेली तपासणीची काच होती, तिच्याकडे ती बघतही नव्हती.

"काळुरामची आहे. पेशींत एक एन्झाइम असलं तर रसायनाने तपकिरी रंग येतो. मग कॅन्सर मायलॉइड जातीचा. नाहीतर बहुधा दुसऱ्या जातीचा. औषधं वेगळी."

"आणि या टोकाचा थेंब?"

"मामांचा. प्रत्येक काचेवर ते स्वतःचं बोट टोचून थेंब लावायचे. निरोगी रक्तातही ते एन्झाइम असतं."

काळुरामच्या कंपनीचे रसायनतज्ज्ञ हैबतराव घड्याळ बघत उभे होते.

"अकराला आलो होतो. रूबेनने हीच काच दाखवली. 'रंग नाही, निगेटिव्ह,' म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून मुंबईला फोनही मीच केला. तेव्हा गुणाजी बाहेर घिरट्या घालत होता."

हन्नाबाईंनी कपाटातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. "गोविंदा, तू रंगारी. बघ."

"तपकिरी कुठंच नाय, बाई. दोन्ही टोकं कोरी."

"रूबेनचं रक्तसुद्धा कोरं?"

"व्हय की. मग?"

"मग हैबतराव खोटं बोलले." त्या वळल्या. "स्वतःचा थेंब रंगला नाही म्हणजे रसायन निकामी. अशी काच रूबेनने फेकून दिली असती, निगेटिव्ह म्हणून दाखवली नसती. गुणाजीला काच रंगवता येत नाही. शीराला येते, म्हणूनच तिने ही टेबलावर ठेवली नसती. रसायन कळतं पण रक्त कळत नाही, असा माणूस इथे एकच."

हैबतराव हसले. "मला काय गरज?"

"बेंझिनने मायलॉइड कॅन्सर होतो. खरी काच तपकिरी आली, म्हणजे दोष तुमच्या कंपनीवर येणार. तुम्ही ती पळवली, रूबेनला ठेचलं आणि रूबेनने थेंब लावून ठेवलेली जादाची काच पेरॉक्साइडने, म्हणजे त्याच रंगाच्या पण मेलेल्या रसायनाने, रंगवली. औषध चढलं की त्या पेशी मरणार, मग कोण तपासतंय? माणूसही मेला तर बरंच."

हैबतरावांनी लोखंडी स्टँड उचलून हन्नाबाईंवर घातला. गोविंदा मधे शिरला. त्याच्या मनगटाचं हाड कडकन वाजलं. दुसऱ्या हाताने त्याने हैबतरावांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, परत आपटलं.

"बस कर, मरेल तो!" शीरा किंचाळली.

हन्नाबाई फोनकडे धावल्या. चारला तीन मिनिटं होती. तिसऱ्यांदा लाइन लागली.

"काळुरामचं औषध थांबवा. रिपोर्ट खोटा आहे. रक्त पुन्हा घ्या."

दारात गुणाजी चौकट धरून उभा होता. पलीकडे कोणीतरी धावत गेलं आणि परत आलं.

"सुई लावलीय," नर्स म्हणाली, "पण बाटली अजून सोडली नाही."

हन्नाबाईंनी गुणाजीकडे बघून मान डोलावली. गुणाजी रक्ताने चिकट झालेल्या फरशीवर मटकन बसला आणि मोठ्याने रडू लागला.