आपण सायकल चोरू या!

खंडूला भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा मला रडू आवरेना. खंडू म्हणजे आमच्या सांगलीच्या सोसायटीचा पहारेकरी यंत्रमानव. मला सायकल शिकवताना मागून धावला होता तोच. पण त्याचा पहारा असूनही स्टँडवरच्या सायकली चोरीला जात होत्या. चेअरमन पाटणकरकाका म्हणाले, "असला पहारेकरी काय कामाचा?"

तेवढ्यात नाशिकहून मृणालआत्या आली. ती रचनाकार (वस्तू आणि जागा कशा असाव्यात ते ठरवणारी) आहे. माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "चल शर्वरी, आपण तुझी सायकल चोरू या!"

"काय?"

"अगं, चोराला काय सोयीचं पडतं ते कळायला नको?"

पहिल्या चोरीनंतर काकांनी स्टँडपुढे उंच भिंत बांधली होती. आत्या तिच्याआड दबा धरून बसली. खंडू ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी पलीकडे वळला, तशी तिने पुढचं चाक सोडवलं आणि उरलेली सायकल उचलली. कुलूप बिचारं चाकालाच धरून बसलं!

"भिंतीने कोणाला लपवलं?"

"सायकलींना... नाही गं, चोराला!"

"शाब्बास! भिंतीमुळे नैसर्गिक देखरेख (येता-जाता लोकांचं सहज पडणारं लक्ष) बंद झाली. आपल्याला कोणी बघतंय असं वाटलं, की बहुतेक चोर त्या वाटेलाच जात नाहीत."

आत्याने भिंत उतरवायला सुचवलं, तसे काका उखडले. "भिंत पाडू? म्हणजे चोरांना आवतणच की!"

"महिनाभर बघा. फसलं तर खंडूबरोबर मलाही भंगारात घाला," आत्या म्हणाली. काय धीर तिचा!

मग भिंत गुडघ्याएवढी झाली आणि तिचाच ऐसपैस कट्टा झाला. स्टँडला अशा कमानी बसवल्या, की चाक आणि सायकलचा सांगाडा एकाच कुलपात अडकावा. खंडू आता कधीही, कुठूनही यायला लागला. जिन्यात भाजी निवडत बसणाऱ्या काकू, आज्या वाऱ्याला कट्ट्यावर आल्या.

एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस सायकलींपाशी वाकला. लगेच चौघीपाचजणींनी एकदम विचारलं, "कोणाकडे आलात हो?"

तो काहीतरी पुटपुटला आणि चालता झाला. महिन्याभरात एकही सायकल गेली नाही. भंगारवाला दारात आला, तेव्हा काकांनी खंडूच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "हा आमचा माणूस आहे. द्यायचा नाही."

मला आत्याचा केवढा अभिमान वाटला! आता शाळेमागचा अंधारा बोळ दिसला, की मी नुसती घाबरत नाही. इथे दिवा कुठे हवा, खिडकी कुठे हवी, याचा विचार करते.