खालचा उजवा कोपरा

धाकटीचं टेबल म्हणजे चिरफाडीची खोली होती. झाकणं काढलेले संगणक, वायरींचा गुंता, ग्राफिक्स कार्डं आणि मधोमध विसरलेला चहा. घरात आता ती आणि आई एवढ्याच होत्या, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. दादा गेला म्हणून तिचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दादानं एका जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागासाठी, ड्रायव्हर लिहिला होता. आई त्या ड्रायव्हरला दुभाष्या म्हणायची, आणि ते बरोबरच होतं. संगणकाचं बोलणं कार्डाला समजावून सांगायचं, एवढंच त्याचं काम. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच हात झटकले होते. दादानं मात्र कार्डाला चिमटे काढून काढून, ते कशाला कसं उत्तर देतं हे बघत, एकेक ओळ घडवली आणि सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फुकट देऊन टाकली. शेजारी बसून धाकटी तपासून बघायची. मागच्या वर्षी तो आजारपणात गेला. त्याच्या हातचं म्हणून एवढंच मागे राहिलं होतं, आणि आता तेच काढून टाकायचं घाटत होतं.

त्या सिस्टिमच्या प्रकल्पाच्या प्रमुखाला जुना कोड छाटायची भारी हौस. त्याला सगळे कात्री म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे.

"ताई, संगणक झोपेतून जागा झाला की तुमचं कार्ड गोठतंय," तो फोनवर म्हणाला. "शुक्रवारपर्यंत सुटलं नाही, तर पुढच्या आवृत्तीत हा ड्रायव्हर नसेल. वाईट वाटतं हो मला."

"वाईट शनिवारी वाटून घ्या," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

बोलून तर बसली, पण तोड हाती नव्हती. तिनं कार्डाची कामांची रांग उलटीपालटी करून पाहिली होती. ही रांग कार्डाच्या मेमरीतच असते. 'हे काढ, ते पूस' असले हुकूम तिच्यात ओळीनं उभे असतात. जाग आली की रांगेत कचरा सापडायचा आणि कार्ड बावचळून थांबायचं. कचरा कुठून येतो, ते काही कळत नव्हतं.

त्या दुपारी तिनं स्क्रीनवर रंगीत चौकटींचा तपासणीचा पट लावला, संगणक झोपवला, उठवला. पट गोठला. कर्सर तेवढा हलत होता. यात नवल काही नाही. कर्सर हा वेगळाच भाग असतो. बाकी चित्र मेलं तरी तो वरून फिरत राहतो.

नवल पुढे होतं. तिचा हात चहाच्या कपावर होता.

कर्सर खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटी छोटी वर्तुळं काढत होता.

माउस बिघडला असणार. तिनं तो उपटला. कर्सर फिरतच राहिला. कीबोर्ड उपटला. दुसऱ्या संगणकावरून नोंदी पाहिल्या, तर कुठूनही काहीही आत येत नव्हतं. कार्ड बदललं, पुन्हा झोपवलं, उठवलं. पुन्हा तोच कोपरा, तीच वर्तुळं, जरा लांबुळकी, घड्याळाच्या उलट्या दिशेनं.

ही वर्तुळं तिच्या ओळखीची होती. दादा विचारात पडला की कर्सर असाच घोळवायचा. ती चिडायची. तिची खोड वेगळी होती. अडलं की ती कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन माउसनं टकटक करायची. "दार वाजवतेस का गं? आत कोणी नाहीये," असं तो म्हणायचा.

आई दारात येऊन उभी राहिली. स्क्रीनकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"विचार करतोय," आई म्हणाली, आणि कप उचलून निघून गेली.

धाकटी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसली. कर्सर फिरत होता त्या शेवटच्या चौकटीला तळाशी केसाएवढी करडी रेघ होती. ती रेघ तिथे असायला नको होती.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोट रांगेत नव्हतीच! जागं होताना चित्राचं माप चुकून किंचित मोठं धरलं जात होतं. चित्र मेमरीतल्या आपल्या हद्दीबाहेर सांडत होतं, आणि हद्दीला लागूनच रांग उभी होती. इतके महिने ती ज्याला लागलं त्यालाच झोडपत होती.

माप दुरुस्त करायला चार ओळीसुद्धा लागल्या नाहीत. संगणक झोपला, उठला. रंग झळकले, खिडक्या हलल्या. ती झोपवत राहिली, तो उठत राहिला. धाकटी खुर्चीवरून उठून चक्क नाचली, आणि आई डोळे पुसत हसत सुटली.

शुक्रवारी कात्रीचा फोन आला. "घेतला. मूळ लेखकाच्या नावासकट. ताई, मी हात जोडतो."

"आता नका जोडू. कात्री पडेल," ती म्हणाली. पलीकडे तो खो खो हसला. जगभरातून निरोप येत राहिले. धाकटीचा ऊर आनंदानं भरून आला. दादाचं काम राहिलं होतं, आणि ते तिनं राखलं होतं.

नवी आवृत्ती सगळीकडे पोचल्यावर चष्मेवाल्यांचा फोन आला. ते दूरच्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ. त्यांचे अक्षरं वाचायला लावणारे स्क्रीन याच कार्डावर चालत. फोन कानाशी धरून धाकटी पुढचं काम बघत बसली होती.

"झकास चाललंय, ताई! एकदाही गोठलं नाही. एकच विचारायचं होतं. या कार्डाला कर्सर किती असतात?"

"एकच. दुसरा काढायची सोयच नाही त्यात."

"मला वाटलंच. पण इथे दोन दिसतायत. माउस तर आम्ही लावतच नाही. एक खाली उजवीकडे गोल गोल फिरतोय."

धाकटीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "फिरू द्या त्याला. तो काही करत नाही."

"आणि दुसरा वर डावीकडे आहे. दार वाजवल्यासारखा टकटक करतोय."

धाकटीनं माउसवर टकटक करणाऱ्या आपल्या हाताकडे पाहिलं. मग माउस सोडून दिला आणि हात मांडीवर ठेवला.

"अरेच्चा," चष्मेवाले म्हणाले, "आत्ता थांबला बघा."